पोखर्णीचे झेन शयनगृह

शांत झोपेसाठी शयनगृह ‘झेन’ हवे, असे सजावटकार सांगतात: सामान मोजके, अंथरूण जमिनीवर, उजेड मंद, विजेची उपकरणे बाहेर, कानावर वाहत्या पाण्याचा आवाज. ‘झेन’ म्हणजे आपलेच ‘ध्यान’. चीन-जपान फिरून आले म्हणून महाग, इतकेच.

नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या पोखर्णी गावाने मात्र या शास्त्रात कधीच आघाडी घेतली आहे, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. मे महिन्यात पारा ४४ अंशांकडे सरकला की वीज आपण होऊन संन्यास घेते. पंखा, टीव्ही, दिवा एका क्षणात मोहमुक्त. मग माणूस अंथरूण घेऊन गच्चीवर जातो, म्हणजे भिंतींचाही त्याग.

राहिला पाण्याचा आवाज. त्यासाठी शेतातल्या मोटारीला रात्री बाराला वीज येते. मालक बॅटरी घेऊन बांधावर बसतात, सापासाठी पूर्ण जागरूक.