मांजरकाका

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे मांजरकाका म्हणतात आणि याचा त्यांना मनस्वी संताप आहे. "अहो, मी पक्ष्यांचा माणूस!" असं म्हणून ते गळ्यातली दुर्बीण पुराव्यासारखी पुढे करतात. पण ज्या माणसाच्या अंगाला सकाळी सहा वाजता सुकटीचा वास येतो, एका हातात पिंजरा आणि खांद्यावर जुनी चादर असते, त्याला कोथरूडमध्ये पक्षीमित्र कोण म्हणेल?

काका बँकेतून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर घरी मोजायला काही उरेना, म्हणून बाल्कनीतून पक्षी मोजू लागले. लाल कापडी पाठीची वही, तारीख, वेळ, दयाळ एक, शिंपी दोन, नाचण एक. मग एका उन्हाळ्यात बुलबुलानं कुंतीच्या झुडपात, अगदी हाताला लागेल अशा उंचीवर घरटं केलं. तीन अंडी. काका त्या झुडपाला वळसा घालून जात, माळ्यालाही कात्री लावू देईनात. पिल्लांना पिसं फुटायला लागली होती, आणि एका सकाळी घरटं कलंडलेलं, खाली दोन-चार पिसं, आणि जिन्याच्या पायरीवर एक करडी मांजर मिशा पुसत बसलेली. त्या दिवशी काकांनी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. उजवीकडे पहिली नोंद झाली : 'करडी. मादी. बहुधा गाभण.'

आता तुम्ही सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला गेलात, तरी पाचवा अध्याय संपला की काकांचा सहावा सुरू होतो. न्यूझीलंडमधलं स्टीफन्स बेट, साल १८९४. दीपगृह, तिथल्या माणसांबरोबर आलेली मांजर, आणि उडता न येणारा चिमणीहून लहान पक्षी. मांजर एकेक धरून आणायची, म्हणून तर शास्त्रज्ञांना तो पक्षी कळला. आणि कळेकळेपर्यंत संपतच आला. "लोक सगळं बिल त्या एका मांजरीच्या नावावर फाडतात," काका शिऱ्याचा घास हातात तसाच धरून सांगतात, "पण बेटावर मांजरं बरीच झाली होती. मी ऑडिटला असतो, तर ही एंट्री पास केली नसती."

मॅरियन बेटाचा हिशेब त्यांना त्याहून प्रिय. दक्षिण आफ्रिकेनं १९४९ साली तिथल्या तळावर उंदरांसाठी पाच मांजरं नेली. १९७७पर्यंत ती सुमारे ३४०० झाली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी फस्त करू लागली. "पाचाची चौतीसशे! हे व्याज आमच्या बँकेनं कुणाला दिलं नाही." पुढे रोगाचा विषाणू सोडून, बंदुका चालवून आणि सापळे लावून १९९१मध्ये बेट मोकळं झालं. इथवर आले की काका दोन्ही कानांना हात लावतात. "आपल्याकडे ते चालायचं नाही. एक मांजर मेलं, तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. भाव बघितलात का सोन्याचा?"

म्हणून नसबंदी. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, हे गणित काकांनी लिफ्टमध्ये चिकटवलं होतं. कुणीतरी खाली पेनानं लिहिलं, 'लहान मुलं वाचतात.' कागद गेला, काका राहिले.

पिंजरा साधा असतो. आत फळी, फळीपलीकडे सुकट. पाय पडला की दार खाली. लगेच चादर टाकायची, म्हणजे अंधारात मांजर शांत होतं. (रिक्षावाला शांत होत नाही. 'आत काय आहे?' या प्रश्नाला काका 'घरचंच आहे' असं उत्तर देतात.) दवाखान्यात बेशुद्धीतच डाव्या कानाचं टोक छाटतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा टेबलावर जात नाही. पण करडीनं या व्यवस्थेतलं मर्म ओळखलं. पिंजरा म्हणजे सुकट आणि सकाळी सुटका. एका महिन्यात ती चार वेळा आत सापडली, चारही वेळा छाटलेला कान दाखवत, ओळखीच्या खानावळीत बसावी तशी.

अवघड काम पुढचंच. मांजर पिंजऱ्यात यायला उपाशी हवं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रात्री नऊला दूधपोळीचं ताट घेऊन खाली हजर. "मुकी जनावरं उपाशी ठेवू? तुमचं काळीज आहे की लॉकर?" काका सहा महिने त्यांच्याशी भांडले. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की कोण कुठे व्याली, सात घरं फिरवून पिल्लं शेवटी मीटररूममध्ये ठेवली की कुणाच्या स्कूटरखाली, ही सगळी खातेवही काकूंच्या डोक्यात आहे. तह झाला. एरवी ठरल्या वेळी पोटभर, ताट लगेच उचलायचं. आणि पिंजऱ्याच्या आदल्या रात्री कडक एकादशी. काकू त्या रात्री स्वतःही जेवत नाहीत.

वार्षिक सभेत एका सभासदांनी सोपा तोडगा काढला, "पोत्यात घालून टेकडीवर सोडून येऊ." काका ताडकन उभे राहिले. टेकडीवर तितर आणि चंडोल जमिनीवर घरटी करतात, त्यांनी कुठे जायचं? जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि इथली जागा रिकामी झाली, की शेजारच्या सोसायटीतली मांजरं आठवड्यात राहायला येतील, त्यांचे कान तुम्ही कापणार का? सभासद खाली बसले. मी काकांना हळूच विचारलं, "पण नसबंदी झालेलं मांजर पक्षी मारायचं सोडतं का हो?" काका पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, "नाही. माळ घातली म्हणून वारकरी होत नाही ते. पण त्याच्यामागं पोरंबाळं नसतात. माझं मुदत ठेवीचं काम आहे. व्याज पुढच्या पिढीतल्या बुलबुलांना."

उरला होता एक बोका. रुंद जबडा, दोन्ही कान शाबूत, तीन वर्षांत एकदाही न सापडलेला. सोसायटीच्या भिंतीवरून तो पार्किंगची पाहणी करत हिंडे, म्हणून काका-काकूंच्या वहीत त्याचं नाव 'चेअरमन'. हे नाव खुद्द चेअरमनसाहेबांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या मंगळवारी पहाटे दार पडलं. आनंदानं हात थरथरत वॉचमननं इंटरकॉम फिरवला. २०३ऐवजी ३०२ लागला. चेअरमनसाहेब टेकडीवर फिरायला गेले होते. फोन वहिनींनी उचलला.

"चेअरमन सापडले! पिंजऱ्यात आहेत. लई गुरगुरतायत. रात्रीपासून पोटात काही नाही, आता तसंच ऑपरेशनला नेतोय."

वॉचमन सांगतो, वहिनी क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं. कोण नेतंय? पैसे किती लागतील?"