पथ्यभाऊ

यवतमाळात कोणाच्या घरी आजार निघाला की शेजारीपाजारी पोचायच्या आत पथ्यभाऊ हजर. कृषी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर कपाशीवर काय फवारायचं ते सांगितलं, आता माणसांना काय खायचं ते सांगतात. रीत तीच: मागच्या हंगामाचं औषध या हंगामाला चालत नाही.

आमच्या ओळीतल्या मास्तरीणबाईंना मल्टिपल स्क्लेरॉसिस निघालं. यात मज्जातंतूंवरचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते. नागपूरच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, भाऊंनी वही.

"वहिनी, तूप आजपासून बंद म्हंजे बंद! साय, खोबरं, मटन, सारं बंद!" डॉ. रॉय स्वँक यांनी माँट्रियलमध्ये १९४०च्या दशकाअखेरीस हे कमी चरबीचं पथ्य सुरू केलं होतं. ते भाऊंच्या मोबाइलवर यंदा पोचलं.

महिन्याभरात त्याच मोबाइलवर टेरी वॉल्स आल्या. या डॉक्टरीणबाईंना स्वतःलाच हा आजार. आता गहू बंद, दूध बंद, मटन सुरू, शिवाय रोज ९ कप भाज्या.

"पण भाऊ, मटन तर बंद होतं ना जी?"

"ते जुनं झालं, वहिनी."

मोजायला भाऊंनी घरून कान तुटलेला चहाचा कप आणला. अंगठ्यानं दाबदाबून मेथी भरली. सैल भरला तर म्हणे गुण येत नाही. ऐन मे महिन्यात ९ कप भाजी घेताना मास्तरीणबाईंच्या मालकांचा खिसा मात्र आपोआप सैल झाला.

अमेरिकेत या दोन्ही पथ्यांची झुंज लावून झाली आहे. २०२१ साली निकाल आला: थकवा दोन्हींनी कमी झाला, सरस कोणतंच ठरलं नाही. भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, "मंग दोन्ही करा!" तशी खाडाखोड केल्यावर वहीत उरली जवसाची चटणी. ती बाई लहानपणापासून खातच होत्या.

नागपूरचे डॉक्टर एवढंच म्हणतात: पथ्यानं हा आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, समतोल जेवा, औषध चुकवू नका, उकाडा टाळा. अंग तापलं की या आजारात पाय जड होतात, नजर अंधूक होते. आणि भाऊ? येतात, पहिल्यांदा कूलर बंद करतात ("गार हवेनं नसा आखडतात!") आणि मग तासभर बोलतात.

तेव्हा अशा घरी भेटायला जाल तर पथ्य सांगू नका. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाका आणि भाऊंना सोबत घेऊन निघा.