घासणारे आणि गंजवणारे

आमच्या हिंगोलीत पत्ता सांगायचा तर निम्मा छावणीच्या भाषेत सांगावा लागतो. कुणी पलटणीत राहतो, कुणी रिसाल्यात, कुणाची सासुरवाडी तोफखान्यात. पेन्शनपुऱ्यातल्या माणसाला पेन्शन असतेच असं नाही. असती तर बरं झालं असतं. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमानं चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटचा तळ इथे होता. १९०३ साली तो मोडला. घोडे गेले, तोफा गेल्या, नावं तेवढी मागे राहिली.

आणि घासायची हौस राहिली, असं मला खंडेनवमीला दरवर्षी वाटतं. त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड बाहेर निघतं. विळी, अडकित्ता, कोयता, कात्री, मोटारसायकलचे पाने. एका खंडेनवमीला मला जरा जास्तच हुरूप आला आणि मी विटेचा तुकडा घेऊन आईचा धिरड्यांचा बिडाचा तवा घासायला बसलो. वर्षानुवर्षांचं तेल पिऊन काळाभोर झालेला तवा. दोन तास खपलो. शेवटी तो असा पांढरा लखलखीत झाला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. त्याच तोंडानं आईला दाखवायला गेलो.

तिनं तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अरे, त्याचं कातडं काढलंस की रे!"

दुसऱ्या दिवशी धिरडं निघालं ते तुकड्यातुकड्यांनी. मोरीतून धुऊन आणलेल्या तव्यावर संध्याकाळी तांबूस ठिपके उमटले होते. मला मनातून थोडं समाधान वाटलं, कारण हीच चूक इंग्रजांच्या अख्ख्या लष्करानं शंभर वर्षं केली होती.

त्यांची ती प्रसिद्ध ठासणीची बंदूक, ब्राऊन बेस. पाऊण इंच व्यासाची नळी, गारगोटीचा चाप, वजन साडेचार किलोच्या आसपास. ब्राऊन म्हणजे तपकिरी, पण तिच्या भरभराटीच्या काळात नळी तपकिरी नव्हतीच मुळी. ती होती घासून पांढरी केलेली. नाव कशावरून पडलं यावर जाणकार अजून भांडतात. अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्यावरून, असं काही म्हणतात. आपल्याकडे काळ्या मुलीचं नाव गोरी ठेवतात, तसलाच प्रकार. कंपनी सरकारनं हिंदुस्थानातल्या फौजेसाठी तिची एक आखूड, स्वस्त आवृत्ती काढली. फ्रान्सशी लढाई जुंपल्यावर बंदुका कमी पडायला लागल्या, तेव्हा १७९७ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारनंच ती ३९ इंची नळीची बंदूक आपली म्हणून स्वीकारली. विलायतेनं हिंदुस्थानी माप घ्यावं, हे त्या काळात तरी क्वचितच घडलं असेल.

तर ही नळी शिपायानं चकचकीत ठेवायची. कशानं? विटेची पूड, तेल आणि चिंधी. म्हणजे माझंच साहित्य. शिवाय दस्त्याच्या टाचेची पितळी पट्टी आणि घोड्याखालची पितळी कमान उजळायची, ती निराळीच. पावसाचे चार थेंब पडले की पुन्हा सुरुवात. उन्हात पलटण निघाली की कोसभरावरून लखलखाट दिसायचा, शत्रूलासुद्धा. नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप यायची ती आपल्याच नळीची. पण तपासणीला येणारा साहेब नेम धरत नसतो, तो नळी बघतो.

घासून घासून लोखंड झिजतं. देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेचं नाक चिंच लावून लावून जसं सपाट होतं, तसंच. कंपनीच्या बंदुकांच्या चापावर पुढे मुकुट धरून उभा असलेला सिंह कोरलेला असे. पाच-सहा कर्तव्यदक्ष शिपायांच्या हाताखालून गेल्यावर त्या सिंहाचं मांजर होत असणार.

यावरचा उपाय मला फार आवडला. उपाय म्हणजे गंज! मुद्दाम, मोजूनमापून चढवलेला. नळी आधी चुन्यानं चोळून तिचा तेलकटपणा काढायचा. बोट लागलं तरी डाग पडतो. मग मोरचूद, तेजाब वगैरेंचं पाणी फडक्यानं एकसारखं फिरवायचं आणि नळी दमट जागी ठेवून द्यायची. रात्रीतून तांबूस मखमल उगवते. ती तारेच्या कुंचल्यानं झाडायची आणि पुन्हा पाणी लावायचं. असं कैक दिवस. शेवटी उकळतं पाणी, वर तेल किंवा मेण. मग येतो जुन्या गुळासारखा दाट तपकिरी रंग, आणि पुढचा गंज दारातूनच परत जातो. मोरचूद आमच्याकडचा शेतकरी चुन्यात कालवून झाडांवर फवारतो, त्यामुळे ही कृती वाचताना अगदी घरातली वाटली. १८०० साली आलेल्या बेकर रायफलची नळी अशी तपकिरीच होती, कारण ती वापरणारे हिरव्या कोटातले शिपाई झाडाआड दडून नेम धरणारे. साध्या पायदळाला हे शहाणपण मिळायला नेपोलियनची युद्धं संपत आली.

त्याच सुमारास, १८१९ च्या जानेवारीत, इकडे निजामाच्या कवायती फौजेनं हटकरांचे म्होरके नौसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. त्या फौजेच्या नळ्या पांढऱ्या होत्या की तपकिरी, हे तटावरच्या नाईकांच्या माणसांनी निरखलं असेल असं वाटत नाही. त्यांना समोरून नळीचं फक्त भोक दिसत असणार.

माझ्या तव्याला पुन्हा काळा व्हायला दीड वर्ष लागलं. रोज तेल, कांद्याचा तुकडा आणि आईचं पुटपुटणं. यंदाच्या खंडेनवमीला तिनं सगळी हत्यारं पाटावर मांडली, झेंडूची फुलं वाहिली. तव्याला मात्र हळदकुंकवाचं एक बोट लावून ताबडतोब फडताळात ठेवला.

मी विटेकडे नुसतं बघत होतो.

"तो घासून झालाय," ती म्हणाली.