लिंक तुटते, मर्दा!

अंतराळातला सिनेमा ऐन रंगात आलेला असताना मागच्या रांगेतून "ह्यॅ!" असं मोठ्याने ऐकू आलं, की समजावं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला शंकासुर थिएटरात आहे. दिवसभर लेथवर उभा राहून मायक्रोमीटरने मापं घेणारा हा गडी. पडद्यावरचं यानही तो आधी जॉब म्हणून तपासतो, हिरो-हिरॉईन नंतर.

'इंटरस्टेलर'मध्ये एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं, हे त्याने मुकाट्याने मान्य केलं. (त्याच्या 'उद्या देतो'वर विसंबलेली गिऱ्हाइकंही करतील.) पण त्याच ग्रहावरून ते छोटं यान आपलं आपण उडालं आणि हा खुर्चीतून उठला. "पृथ्वीवरनं निघताना हेच यान केवढ्या रॉकेटवर बसवलेलं! हितं ओढ पृथ्वीच्या 130 टक्के, आनि रॉकेट कुठाय? लिंक तुटते, मर्दा!"

'द मार्शियन'मधल्या वादळाने तर त्याची झोप उडवली. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्काही नाही. "त्या वाऱ्यानं रंकाळ्यावरचा भेळीचा कागद उडायचा न्हाई, आनि ह्यांचं यान कलंडतंय!"

खासबागेतल्या कुणा जुन्या पैलवानाने उधळलेला बैल शिंगांना धरून थोपवला, ही गोष्ट मात्र तो बैलाचं वजन न विचारता सांगतो. तिथे शंका काढणारा कोल्हापूरचा नव्हे.

वाद अंगाशी आला की तो हुकमाचं पान टाकतो: "जयंत नारळीकर कुठले? कोल्हापूरचे!" जन्म इथलाच, 1938चा, हे खरं. पण ते वाढले बनारसला, असं कुणी म्हटलं तर, "जन्मगाव काय लिवायचं असतं फॉर्मवर?"

परवा चहाच्या गाड्यावर त्याला गप्प करावं म्हणून कुणीतरी खरी हकीकत काढली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं.

शंकासुराने कप खाली ठेवला. "थांब. जगताप न्हाईच म्हनतोस. मग त्याचं बक्षीस घ्यायला स्टेजवर कोन चढलं?"

सांगणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

"बघ! पुन्यामुंबईचे लोक सांगतात म्हनून ऐकून घ्यायचं व्हय?"