बाई बाई, घराला गिअर आले!

ऐकलंत का? माणसं आता ट्रकात राहायला लागलीत! नाइलाजानं नव्हे, हौसेनं! चांगलं स्लॅबचं घर, वर पाण्याची टाकी, पुढं तुळशीवृंदावन, हे सगळं मागं टाकून शहाणासुरता माणूस बंद बॉडीचा जुना आयशर विकत घेतो, त्यात पलंग टाकतो, ओटा बांधतो, पत्रा कापून खिडकी पाडतो, खिडकीला पडदा लावतो आणि चारचौघांत छाती काढून सांगतो, 'हे आमचं घर!' आता याला काय म्हणावं? कलियुग म्हणतात ते हेच का? लोकलाज म्हणून काही उरली का नाही? आणि मुख्य म्हणजे, पडद्याचं कापड कुठून आणलं?

दोष कुणाचा? मोबाइलचा, आणखी कुणाचा! रात्री जेवणं झाली की अख्खं कंधार अंथरुणावर पडल्या पडल्या परक्याची गाडी बघतं. कुठला तरी गोरा न् त्याची गोरी, गाडीचं मागचं दार उघडून, पायावर पांघरूण घेऊन, बर्फाचे डोंगर बघत कॉफी पितात. आपण म्हणतो, 'कामधंदे नाहीत मेल्यांना!' आणि अंगठ्यानं पुढचा व्हिडिओ लावतो. मग त्याच्या पुढचा. साडेबाराला बायको विचारते, 'झोपायलाव का नाही?' तर उत्तर येतं, 'थांब की, ते भांडी घासायचं कुठं बसवायलेत तेवढं बघू दे.' ज्या गृहस्थानं घरच्या मोरीचा तुंबलेला पाइप दोन दिवाळ्या बघितला नाही, तो ऑस्ट्रेलियातल्या गाडीचं सांडपाणी कुठं जातं याची चौकशी करतो!

बरं, खूळ नवीन आहे म्हणावं तर तेही नाही. १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरानं निव्वळ हौसेखातर घोडे जुंपायचं घर बांधून घेतलं. नाव ठेवलं 'वाँडरर'. दोन घोडे, एक गाडीवान, एक नोकर, कुत्रा, पोपट, सगळा लवाजमा. नोकराचं काम काय? तर तीनचाकी सायकलवर पुढं जायचं आणि रस्त्यावरच्या लोकांना वर्दी द्यायची, की बाजूला व्हा, मागून साहेबांचं घर येतंय! याला म्हणतात थाट. आपल्याकडं महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीच्या दिल्ली दौलताबादला हलवली, पण त्याला निदान लोकांनी वेडा तरी म्हटलं. आताच्यांना लाइक मिळतात.

कुणी आवर घालील म्हणून सरकारकडं बघावं, तर सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं. घ्या! नियमावलीही आहे, नाव 'एआयएस-१२४', प्रसिद्ध करणारी संस्था आपल्या पुण्याचीच, एआरएआय. चाकावरचं घर कशाला म्हणावं? तर आत बसायला आसनं न् टेबल हवं, झोपायची सोय हवी, स्वैपाकाची सोय हवी, सामान ठेवायला जागा हवी आणि हे सगळं गाडीला घट्ट जखडलेलं हवं. टेबल तेवढं सहज काढता येण्याजोगं असलं तर चालतं. सरकारनं टेबलापर्यंत विचार केलाय, बोला!

पण खरी गंमत पुढं आहे. मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या गाडीत तुम्ही आपल्या मनानं घर बांधलंत की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दारात उभं. कंपनीनं जशी बनवली तिच्यात मूळ तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. दंड किती? दर फेरफारामागं ५,००० रुपये! म्हणजे खिडकीचे पाच, ओट्याचे पाच, टपावरच्या टाकीचे पाच. पडद्याचे लागत असतील का हो? शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. तिथं निदान घर हलत तरी नाही.

एवढं असून गॅरेजात गर्दी! एखाद्या दुपारी बॉडीवाल्या मिस्त्रीकडं जाऊन बघाच. दहा फुटी ४०७ उभी आहे, फाळका पाडलेला आहे, आत मिस्त्री टेप घेऊन उकिडवा बसलाय आणि भोवती पाच सल्लागार. गाडी एकाची, अक्कल पाचांची. पलंग आडवा टाकायचा म्हणे, म्हणजे जागा वाचते. बॉडीची रुंदी सहा फूट. दोन्ही अंगांनी थर्माकोल न् प्लाय मिळून दोन-दोन इंच गेले. उरलं किती? पाच फूट आठ इंच. आणि जावई सहा फुटी! आता जावयाचे पाय खिडकीतून बाहेर काढायचे का पलंग उभा टाकायचा, यावर दोन चहा होतात. शेवटी मिस्त्री कानावरची पेन्सिल काढतो आणि प्लायवर एक रेघ मारून म्हणतो, 'मालक, जावयाला गुडघे मोडून झोपायला सांगा. दोन रात्रीचा तर प्रश्न हाय.'

थर्माकोल कशाला? अहो, आपल्याकडचा मे महिना! नांदेड-लातूर पट्ट्यात पारा ४२-४३ ला टेकतो. त्या उन्हात उभी केलेली पत्र्याची पेटी म्हणजे पापड भाजायची भट्टीच. त्या बर्फाच्या डोंगरवाल्याला थंडीशी झगडायचं असतं, आपल्याला कशाशी झगडायचं ते त्याच्या व्हिडिओत कसं सापडणार? मग ओघानंच एसी आला. एसीला वीज आली. विजेला टपावर सोलर आला. दीडशे अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी, हिशेब कागदावर १.८ युनिट. साधी इन्व्हर्टरची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात उरलं ०.९ युनिट. एक टनी एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे तासाभराचा गारवा न् मग मिट्ट काळोखात घाम! मालकिणीनं वर विचारायचं, 'आणि मिक्सर?' मिस्त्री म्हणतो, 'ताई, पाटा-वरवंटा घ्या ना.' पाटा-वरवंट्याचं वजन किती असतं याचा हिशेब मग कुणी करायचा?

वजनाचंच घ्या. ५०० लिटर पाणी म्हणजे पाच क्विंटल. सरळ सोयाबीनच्या भाषेत बोलायचं तर अर्ध्या क्विंटलचे दहा कट्टे टपावर चढवून तुम्ही हवा खायला निघालात! आणि आत शॉवर! ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आलं आणि लोक ते बघायला स्टेशनावर जमले, त्या मुलखातला माणूस चालत्या गाडीत शॉवर बसवतो! जमाखर्च कशाशी खातात ते विसरला का काय?

आता नाक मुठीत धरून पुढचं ऐका. संडास. गावोगाव हागणदारीमुक्तीच्या मोहिमा झाल्या, पहाटे पहाटे गुड मॉर्निंग पथकं शिट्ट्या फुंकत टमरेलवाल्यांच्या मागं पळाली, तेव्हा कुठं घरोघर संडास उभे राहिले. आणि आता हे महाशय तो टाइल्सवाला संडास कुलूप लावून मागं ठेवतात न् डबा घेऊन देशाटनाला निघतात! डबा म्हणजे कॅसेट. कॅसेट कुठं रिकामी करायची हे कुठल्याही व्हिडिओत नीट दाखवत नाहीत. तिथं नेमकं सूर्यास्ताचं दृश्य लावतात आणि मागं बासरी.

शास्त्रार्थाचा तर नुसता गोंधळ. वास्तुशांत करायची का चाकाखाली लिंबू चिरडायचं? देवघर ईशान्येला बसवलं, ठीक. पण गाडी लोह्याच्या फाट्यावर वळली की ईशान्येचं काय झालं? घरपट्टी कुणाला भरायची? मुलगी बघायला पाहुणे आले न् त्यांनी विचारलं, 'स्वतःचं घर आहे का?' तर काय सांगायचं, 'आहे की, पण आत्ता अहमदपूरला आहे'? आणि पाहुणे म्हणजे काय, तेही आता घर घेऊनच येणार. पूर्वी पाहुणा आला की दोन दिवसांनी 'येतो' म्हणायचा. आता तो तुमच्या दारापुढं घर लावतो, फाळक्यावर खुर्ची टाकतो आणि म्हणतो, 'दाजी, तुम्ही काही त्रास घेऊ नका. एक वायर तेवढी द्या. आणि एक पाण्याचा पाइप. आणि आक्कानं दोन भाकरी टाकल्या तर...' एसी त्याचा, मीटर आपलं!

पण का हो, आपण एवढे डोळे मोठे करतो ते कुठल्या तोंडानं? आपल्याला हे काय पहिल्यांदा दिसतंय? आषाढीच्या दिंडीतला सामानाचा ट्रक कुणी बघितला नाही? त्यात पीठ, सरपण, तंबू, पातेली आणि पाय सुजलेले म्हातारबाबा एकत्रच प्रवास करतात. पंजाबातून येणारे हार्वेस्टरवाले मशीनला बाजा बांधून शेताशेतानं संसार हलवतातच. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोडे येतात, गाढवं येतात, तमाशाचे फड येतात. फडातली माणसं दसऱ्यापासून ट्रकातच उठतात, ट्रकातच रंग लावतात. जत्रांतल्या फिरत्या टॉकीजवाल्यांच्या जुन्या ट्रकांवर तर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट निघाला आणि २०१६ मध्ये थेट कानच्या महोत्सवात नावाजला गेला. आपण मात्र त्या ट्रकामागं लघवीला उभे राहत होतो. देगलूरच्या पलीकडं आंध्रात, १९८२ साली सिनेनट एन. टी. रामारावांनी जुन्या शेवरलेटला 'चैतन्य रथम' करून तिच्यातच मुक्काम ठोकला, टपावरून भाषणं केली आणि जानेवारी १९८३ मध्ये थेट मुख्यमंत्री झाले. तेव्हा कुणी म्हटलं का, की अण्णा, घरी झोपा?

आणि दिवाळी झाली की कंधार, लोहा, मुखेडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला निघणारा ट्रक? भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी, लेकरं, म्हातारी, सगळं घर वर चढलेलं. तिथं कुणी मोबाइल काढून 'वॉव' म्हटलं? कसं म्हणणार! त्या ट्रकाला पडदा कुठंय?

असो. बाटलेल्यांची यादी ऐकायची का? निवृत्त गुरुजी, ज्यांनी आयुष्यभर 'अंथरूण पाहून पाय पसरावे' शिकवलं, ते आता फोल्डिंगचं अंथरूण कितीला पडतं ते विचारत फिरतात. कपाळावर हात मारून 'भिकेचे डोहाळे' म्हणणाऱ्या सासूबाईंनी गाडी एकदा आतून बघितली आणि खाली उतरताना एवढंच म्हणाल्या, 'माझ्या मिसरीच्या डबीला फळी कुठंय?' फळी लागली! परवापरवापर्यंत 'ही लोकं बिघडली' म्हणणारे चुलते हल्ली गाडीच्या चाव्या मागतात, का, तर येळवस. वेळा अमावास्येला शेतात जायचं, कोपीपाशी पूजा मांडायची, भज्जी, उंडे, आंबील हाणायची आणि मग कडब्यावर लोळायचं, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. यंदा म्हणे बायका-पोरं कोपीत आणि चुलते गाडीत लोळणार, पडदा ओढून!

बायकांचं तर आणखी निराळं. चारचौघींत 'आमच्या ह्यांना खूळ लागलंय' म्हणून पदर तोंडाला लावायचा आणि घरी आल्यावर विचारायचं, 'पण अहो, ओटा उजव्या हाताला घेतला तर?' दहा फूट बाय सहा फुटांचं घर झाडायला किती वेळ लागतो याचा हिशेब त्यांनी केव्हाच मनात मांडलाय. पाचवा पाहुणा मावत नाही हे तर त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. अशा घराला कोणती बाई नाही म्हणेल?

आणि आपण? छे छे, आपण कुठले! आपलं आपलं घर बरं. जुनी ४०७ काय भावानं चाललीय ते आपल्याला माहीत आहे, पण ते सहज, पेपरात दिसलं म्हणून. पासिंग एमएच २६ चं, म्हणजे आपल्या नांदेडचंच असलं तर कागदं सोपी जातात, तेही असंच कानावर आलं. परवा रात्री फरशीवर खडूनं दहा बाय सहाची चौकट आखली होती ती पोरांना गणित शिकवायला. त्यात आडवं पडूनही बघितलं ते पाठ धरली होती म्हणून.

फक्त एक विचारायचं होतं. ते थर्माकोल पत्र्याला चिकटवताना मध्ये हवा खेळायला फट ठेवतात का गच्च बसवतात? कुणाला ठाऊक असलं तर हळूच सांगा. शेजारी विचारत होता.