समुद्राचा पंचनामा

मौजे बिद्री, तालुका कागल, या गावास समुद्राशी कसलेही कर्तव्य नाही. आमची दुधगंगाच मुळी सह्याद्रीवर उगम पावून, घाट उतरताच लागणाऱ्या पश्चिम समुद्राकडे सपशेल पाठ फिरवते आणि कृष्णेच्या संगतीने पूर्वसमुद्र गाठते, तेव्हा गावकऱ्यांनी तरी निराळे का वागावे? अशा गावी, माझ्या भिंतीवर, होकुसाई या जपानी चित्रकाराच्या सुमारे १८३१ सालच्या महालाटेची छापील प्रत लागली, आणि तिचे रसग्रहण करण्याचा मान शेजारच्या निवृत्त तलाठी आण्णांकडे आपसूक गेला.

रचना, अवकाश, लय अशी माझी प्रस्तावना तहकूब करून त्यांनी चष्मा पुसला आणि चतुःसीमा तपासल्या. डाव्या हद्दीस लाट, ती थेट आकाशात घुसलेली, सबब अतिक्रमण. लाटेखाली तीन नावा. मधोमध, पाण्याच्या खळग्यात, बोटभर फुजी पर्वत.

"मास्तर, डोंगर मूळचा केवढा?"

"३,७७६ मीटर."

"मग क्षेत्र कमी दाखवून सारा बुडविण्याचा हा प्रकार आहे."

यथार्थदर्शन ही चीज मी यथाशक्ति समजावीत असता त्यांनी अग्रभागीच्या धाकट्या लाटेवर बोट ठेवले. तिचा आकार हुबेहूब फुजीचा, माथ्यावर फेसही बर्फासारखा. "एकच डोंगर दोनदा नोंदलाय!" कलासमीक्षक ज्याला आकारांची पुनरुक्ती म्हणून गौरवितात, ते दप्तरातील दुबार नोंद पकडण्याची सवय जडलेल्या या दृष्टीने क्षणार्धात हेरले, हे मला निमूट कबूल करावे लागले.

भावस्थितीविषयी मात्र आमचा तंटा झाला. मला चित्रात भय दिसत होते. आण्णा म्हणाले, वल्हेकरी पाहा, वसुलीस आलेल्या मामलेदारापुढे कुळे वाकावीत तसे ओणवे झालेत, साहेब पुढे सरकेपर्यंत मान वर करायची नाही. पाणी पाहावे तर आमच्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांचे, असेही त्यांनी बजावले. त्यांची तळी, कोटितीर्थ काय, रंकाळा काय, आपल्या हद्दीत शांत पडून असतात, कोणाची हरकत नाही.

"पण ही लाट पडली कधी?" त्यांनी अखेरीस विचारले.

"दोनशे वर्षे होत आली, अजून पडलेली नाही."

आण्णांच्या मुद्रेवर प्रथमच समाधान उमटले. "म्हणजे 'जैसे थे'चा हुकूम असणार. वरच्या कोर्टातून आणलेला दिसतो."