पत्रिका तयार आहे

मुलुंड पूर्वेला माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकं. लोकांचे फोन नंबर छापण्यात तीस वर्षं गेली, पण माझे स्वतःचे नंबर मला कधी सांभाळता आले नाहीत.

पूर्वी घरी फोनशेजारी एकच डायरी असे आणि तिचा कारभार आईकडे. सगळ्या मावश्या ‘म’मध्ये, सगळे डॉक्टर ‘ड’मध्ये, आणि घाटकोपरची आत्या ‘घ’मध्ये. आत्या पुढे अंधेरीला राहायला गेली, पण ‘घ’मधून हलली नाही. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांच्या नावापुढे शेजाऱ्यांचा नंबर आणि ‘पी. पी.’ ही दोन अक्षरं. त्या दोन अक्षरांच्या जोरावर अख्खा मजला एका फोनवर संसार करायचा.

मग २००२ साली एमटीएनएलने मुंबईतल्या सात आकडी नंबरांपुढे २ लावला. मला वाटलं, आता धंद्याला बरकत. गिऱ्हाइकं आली खरी, पण जुन्या कार्डांचे गठ्ठे घेऊन. नवी छापायला नव्हे, फक्त पुढे २ चा रबरी शिक्का मारून घ्यायला! महिनाभर शिक्के मारून मारून माझ्या अंगठ्याला शाईचा कायमचा डाग पडला. आईने डायरीला हातही लावला नाही. पहिल्या पानावर ‘सगळ्यांना २’ एवढं लिहिलं आणि कांदे चिरायला बसली. त्यानंतर एवढं सुटसुटीत अपडेट मी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेलं नाही.

मोबाइलमध्ये मात्र माणसांची नावं जाऊन कामं उरली. ‘प्लंबर’, ‘प्लंबर नवा’, ‘प्लंबर उचलत नाही’. ‘खाडिलकर रोड कोरी कार्डं’. ‘लिफ्टवाला रागीट’. आणि नुसते ‘कुलकर्णी’ पाच.

दिवाळीत भाचा आला. “मामा, नऊशे नावं आहेत, त्यातली निम्मी डुप्लिकेट,” म्हणाला आणि त्याने एक अ‍ॅड्रेस बुक टाकून दिलं. घरचे वेगळे, धंद्याचे वेगळे, सगळं क्लाउडवर. शेवटी त्याने विचारलं, “सारखी नावं एकत्र करू?” मी चहा ओतत होतो. “कर,” म्हणालो.

पाचही कुलकर्णी एकाच माणसाच्या पोटात गेले.

त्यातले एक ठाण्याचे. मुलाच्या लग्नाच्या चारशे पत्रिका छापून तयार होत्या आणि ३,२०० रुपये यायचे होते. दुसरे बोरिवलीचे. माझ्या पुतणीसाठी आलेलं स्थळ. कांदेपोहे झाले होते, निरोप यायचा होता. मी दुकानातून मेसेज टाकला : ‘पत्रिका तयार आहे. एकदा येऊन बघून जा. उरलेले पैसे सोबत आणा.’

तो बोरिवलीला गेला.

दहा मिनिटांत फोन. “अहो, पत्रिका बघायची ते ठीक, पण पैसे कसले? आमच्याकडे देण्याघेण्याची पद्धत नाही!” मी सावरायला गेलो : “तसं नाही हो, चारशेचा हिशेब आहे.” “चारशे पत्रिका? आम्ही अजून होकार कळवलेला नाही!”

शेवटी हिने फोन हातातून ओढून घेतला. रविवारी आम्ही दोघं माफी मागायला निघालो. मुलुंड आणि बोरिवली ही तशी एकाच जंगलाची दोन टोकं. बिबट्या मधून चालत जाईल, माणसाला मात्र लोकलने दादरला जाऊन, गाडी बदलून परत वर यावं लागतं. एवढ्या वेळात मी माफीचं भाषण तीनदा पाठ केलं. मंडळी सज्जन निघाली. खूप हसली, आणि आठवड्याने होकारही आला.

नकार पुतणीने दिला. दोघं कॉफीला भेटली, तेव्हा मुलाचा फोन टेबलावर होता. ‘तुम्ही पोहोचलात का’ असं विचारायला तिने गंमत म्हणून समोरूनच फोन लावला. स्क्रीनवर नाव उमटलं : ‘मुलुंड ३’.

आता मी कुलकर्णी वेगळे केलेत : ‘कुलकर्णी छापायची’ आणि ‘कुलकर्णी जुळवायची’. दुसरा परवा पुसून टाकला. पहिल्याकडचे ३,२०० रुपये अजून यायचेत.